नू-झा-बि-तों

मास्तरांनी जन्मभर घराच्या पुढच्या खोलीत फ्रेंच शिकवलं आणि जन्मभर मास्तरीणबाईंचं डोकं उठवलं. क्रियापदाचं एकेक रूप तोडायचं आणि दर तुकड्याला टेबलावर बोट आपटायचं. नू-झा-बि-तों. टक, टक, टक, टक. 'आम्ही राहतो' एवढंच सांगायला केवढी ही आपटाआपट! कोणी चुकलं की मास्तरांचा पारा चढलाच. एक वेळ जेवण विसरतील, पण चुकीचा उच्चार सोडणार नाहीत.

झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मास्तर बसवलं की बसत, भरवलं की गिळत.

"आई, बाबांना आता काही कळत नाही," मुलगा म्हणाला. "तुला ते उचलवतही नाहीत. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत नीट बघतील."

"आणि एक शब्द जरी बोलले तर?"

"तर नाही नेणार."

बाईंनी जिवाचं रान केलं. चहा पाजताना विनवलं, अंग पुसताना रडल्या. एकदा तर खांदे धरून गदागदा हलवलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. मास्तर भिंतीकडे बघत राहिले.

ठरल्या दिवशी मुलगा बॅग घेऊन खाली गाडीकडे गेला. बाईंनी मास्तरांच्या पायांत चपला सरकवल्या आणि हात टेकले. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रडता रडता तोंडाला येईल ते बोलल्या, "नूस-हा-बि-टोन्स."

खुर्चीच्या हातावर डावं बोट आपटलं. कपाळावर तीच जुनी आठी. "नू... झा... बि... तों."

बाई जिन्याकडे धावल्या. "अरे, वर ये! बोलले! मी चुकले आणि त्यांनी मला सुधारलं!"

मुलगा धापा टाकत आला. बाईंनी पुन्हा चुकीचं म्हटलं. मोठ्याने म्हटलं. त्याहून चुकीचं म्हटलं. मास्तर भिंतीकडे बघत होते.

मुलाने आईच्या पाठीवर हात ठेवला. "मला समजतं गं, आई."

त्याला काही म्हणजे काही समजलं नव्हतं.

गाडीत बाई मास्तरांना चिकटून बसल्या, त्यांचा डावा हात आपल्या हातात घेऊन. जराशाने तळहातावर बोट आपटू लागलं. चारदा. थांबून पुन्हा चारदा.

"अरे, बघ ना! ते सांगतायत बघ!"

"हो गं आई," मुलगा म्हणाला आणि त्याने गाडी संस्थेच्या फाटकातून आत घेतली.