वामन पहिलवानाची सर

राजपुऱ्याच्या आखाड्यात दगा वस्ताद बोलायला लागला की बाकीचे गडी जोर मारता मारता हसू दाबत. पुढचं काय येणार ते सगळ्यांना पाठ होतं.

"आताचे पहिलवान म्हनजे जिनातली रुई. ढीग पाहा तं छताले लागते, दाबली का मूठभर. वामन पहिलवानाची सर एकालेबी नाही."

वामन पहिलवान म्हणजे दगाचा वस्ताद. प्लेगात गेला, त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. त्याच्या खुराकाची सोय एका जमीनदार मालगुजारानं केली होती. म्हशीचं दूध, तूप, बदाम, आणि काम एकच, खायचं आणि माती अंगाला लावायची. माणूस कसाही असला तरी दगा त्याला आधी वामनच्या मापात घालून पाहायचा, आणि माणूस नेहमी तोकडा पडायचा.

त्या मापाची हौस एकट्या कडूला होती. कडू कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल. लहानपणापासून रुईच्या गाठी मानेवर वाहून त्याची मान खांद्याइतकी रुंद झालेली. पहाटे आखाड्यात यायचा तेव्हा भुवयांत रुईचे तंतू अडकलेले असत. खुराक म्हणजे ज्वारीची भाकर आणि भागाबाई, त्याची बायको, जे देईल ते. दुसरे गडी वस्तादाचं बोलणं ऐकून घरी जात. कडू मागं रेंगाळायचा.

"वस्ताद, वामनबाबानं कधी गाठी उचलल्या का?"

"त्यानं मानसं उचलली."

"तसं नाही. खरं सांगा, माझ्यात न् त्याच्यात किती फरक हाये?"

"तू त्याच्या लंगोटाची गाठ हायेस. तेबी ढिली."

घरी निघालेले गडी खदखदून हसले. कडूही हसला. पण दुसऱ्या पहाटे त्यानं सगळ्यांच्या आधी येऊन हौदातली माती उकरून ठेवली होती.

दगाला खरं काय ते माहीत होतं. वामनचे पट, म्हणजे मांड्या, मजबूत होते, पण मान साधीच. कडू मानेवर आणि टाचांवर कमान करायचा, पोटावर दोन माणसं बसायची आणि तो त्यांच्याशी बोलायचा. असलं दगानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण शागिर्दाची तारीफ तोंडावर करायची नाही ही आखाड्याची रीत. तारीफ केली की अंगाला नजर लागते, आणि नजर नाही लागली तर माज चढतो. वामननंही दगाला कधी बरं म्हटलं नव्हतं. आपण नेमके किती पाण्यात होतो हे दगाला म्हातारपणापर्यंत कळलं नाही, आणि त्या न कळण्यानंच आपण घडलो असं त्याला वाटायचं.

एकदा फक्त जेवताना तो धुरपदाबाईला, आपल्या बायकोला, म्हणाला, "कडू वामनबाबाच्या वर गेला व."

"मंग त्याले सांगा ना. मले सांगून काय, मी लंगोट बांधू?"

"सांगलं का नासला तो."

"तं मंग गिळा मुकाट," ती म्हणाली आणि तिनं वरण वाढलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या इतवारा पेठेकडच्या मैदानात कुस्त्यांची दंगल भरली. इंदूरकडचा गिरधर आला होता, दरबारी खुराकावर पोसलेला, तुकतुकीत. त्याची जोड कडूशी लागली. नव्या काळात कुस्तीला वेळ बांधलेला असे. वेळ सरली की पंच बरोबरीत सोडवत. दगाला त्याची चीड. वामनच्या वेळी चितपट होईतो कुणी सुटत नसे. त्यानं पंचांना आधीच सांगून ठेवलं, "आमची निकाली."

कडूनं शड्डू ठोकला तेव्हा वस्तादाकडं पाहिलं. दगानं तोंड फिरवलं.

बराच वेळ मातीत नुसती ढकलाढकली झाली. मग गिरधरनं कडूला खाली घेतलं आणि उताणा करायला छातीवर रेलला. कडूनं मानेवर कमान बांधली. पाठ आणि माती यांच्यात वीतभर उजेड दिसत होता. गिरधर चढून बसला, हबके मारू लागला. उजेड तसाच. लोक ओरडायचे थांबले. कडूचं तोंड काळं पडायला लागलं तेव्हा पंच दगाजवळ आले.

"वस्ताद, सोडवू? बरोबरी देतो."

"निकाली सांगली ना," दगा म्हणाला. त्याला वाटलं, अजून जरासं. वामननं हे कधी केलं नाही, मीही नाही. पाहू तर दे.

मानेतून आवाज आला तो पहिल्या रांगेतल्यांनी ऐकला. कडू कुशीवर कलंडला. पाठ टेकलीच नाही. पंच भांडत राहिले, चितपट झाली की नाही म्हणून.

त्याला उचलून आखाड्याच्या ओसरीवर ठेवलं. भागाबाई धावत आली, पायाशी बसली. कडू शुद्धीवर होता. हातात मुंग्या येतात म्हणाला. भागाबाईनं तळवा दाबला तेव्हा त्यानं पायाची बोटं हलवली.

सरकारी दवाखान्यातला वसंत कंपाउंडर गर्दीतून पुढं आला. "मान हलवू नका. फळीवर बांधा न् गाडीनं खंडव्याले न्या. मोठ्या डॉक्टरले दाखवा."

"फळीवर मढं बांधतेत," दगा म्हणाला.

निखळलेला खांदा, मुरगळलेलं मनगट, सगळं राजपुरा दगाकडूनच बसवून घेई. वस्तादानं हाड बसवायचं, दवाखान्यात पहिलवान गेला तर आखाड्याचं नाक कापलं. आणि वामननं एकदा झाडावरून पडलेल्या माणसाची मान ओढून बसवली होती, हे दगानं स्वतः पाहिलं होतं.

"बाबा, खंडव्याले नेऊ ना," भागाबाई म्हणाली.

"बाई, तू पाय धर घट्ट."

तिनं धरले. दगानं कडूची हनुवटी आणि मागचं डोकं दोन्ही हातांत घेतलं, वामनसारखा गुडघा लावला, आणि ओढलं.

कडू ओरडला नाही. भागाबाईनं पायांकडं पाहिलं. तळवा दाबला. परत दाबला. मग नखानं बोचकारलं.

"हालवा ना जी," ती म्हणाली. "आत्ता तं हालवत होते."

मग खंडव्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, पाठीच्या कण्यातली दोरी तुटली, घरी न्या.

इतवाऱ्यातल्या घरात कडू खाटेवर पडून राहिला. वाळली ती आधी मांडी, मग दंड. पाठीला जखमा झाल्या, वास सुटला. भागाबाई जिनात रुई निवडायला जाऊ लागली. दगा रोज दुपारी लोटाभर दूध घेऊन यायचा. ती लोटा घ्यायची, बोलायची नाही. कडू बोलायचा, पण कुस्तीचं नाही.

एक दिवस दगाला राहवलं नाही. तो खाटेशी उकिडवा बसला.

"कडू. तू वामनबाबाच्या वर होतास. कधीचाच."

कडू आढ्याकडं पाहत राहिला. "मरनाऱ्याले समदे असंच सांगतेत, वस्ताद."

"हनुमानाची आन."

"देवाले काहून मधी आनता? दूध ठिवा तिकडं."

दुसऱ्या दुपारी दगा धुरपदाबाईला घेऊन आला. ती खाटेजवळ उभी राहिली, पदर सावरला आणि वरण वाढताना नवरा जे बोलला होता ते जसंच्या तसं सांगितलं.

कडूनं सगळं ऐकून घेतलं. त्याचे ओठ सुकले होते.

"काकू, चांगलं शिकवून आनलं तुमाले. इतकं तं वस्तादानं मलेबी नाही शिकवलं."

भागाबाई आतून धुतलेलं फडकं घेऊन आली. जखमा पुसायच्या म्हणजे त्याला कुशीवर करायचं, आणि एवढा वाळला तरी एकटीला तो उलटत नसे. धुरपदाबाईनं कमरेखाली हात घातले. दगाही पुढं झाला, डोक्याकडच्या बाजूनं.

"तुमी हात नका लावू, बाबा," भागाबाई म्हणाली.

दोघी बायांनी मिळून त्याला उलटलं. दगा भिंतीला टेकून उभा राहिला.