दबा धरून बसलेले जगदाळे

आमच्या घरात नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. मी ह्यांना ‘जगदाळे’ म्हणते, हे मला ‘मास्तर’ म्हणतात. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो, मग कंडक्टर बाई असली तरी. मी ठाण्यात खोपटच्या डेपोत कंडक्टर आणि हे तिथेच ड्रायव्हर होते. डेपोतली ही सवय माजिवड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली ती आलीच. सासूबाईंना ते कधी आवडलं नाही, पण त्यांनाही शेवटी सवय झाली.

तर हे उत्तम जगदाळे गेल्या वर्षी रिटायर झाले आणि रणगाडे चालवायला लागले. म्हणजे कॉम्प्युटरवरचे. मुलगा सिद्धेश नोकरीसाठी पुण्याला गेला, जाताना त्याचा मोठा कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. त्यावर हा ऑनलाइन खेळ होता. दोन बाजूंचे रणगाडे एकमेकांवर सोडायचे, आणि प्रत्येक रणगाडा कुणीतरी आपापल्या घरी बसून चालवत असतो. मला वाटलं होतं, आठ दिवसांत कंटाळतील. ह्यांनी तर सकाळचा पेपरही त्या खुर्चीवर बसून वाचायला सुरुवात केली.

त्या खेळात गाड्या निवडाव्या लागतात. काही हलक्या असतात, त्या पुढे पळून शत्रू कुठे आहे ते दाखवतात. काही जाड चिलखताच्या, सरळ अंगावर जाणाऱ्या. आणि एक जात असते रणगाडे फोडणाऱ्या गाड्यांची. खेळणारी मुलं तिला टीडी म्हणतात. चिलखत बेताचं, पण तोफ दांडगी. झुडपाआड दबा धरायचा आणि पुढच्या हलक्या गाडीनं शत्रू दाखवला की लांबून हाणायचा. जगदाळ्यांनी टीडी सोडून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. त्यातही त्यांनी निवडली ती एक बसकी, पसरट गाडी. बाकीच्या रणगाड्यांची तोफ वरच्या वर गोल फिरते, हिची फिरत नाही. नेम डावीकडे न्यायचा तर सगळी गाडीच डावीकडे वळवायची.

“ही कसली भिकार गाडी घेतलीत? हिला मान पण वळवता येत नाही,” मी म्हटलं.

“मास्तर, एसटीची मान वळते का? स्टिअरिंग मारायचं आणि आख्खं धूड न्यायचं. मला तेच येतं,” हे म्हणाले.

मग त्या गाडीवर तीन वस्तू चढवायच्या होत्या. त्या ठरवायला ह्यांनी आठवडा घालवला. आमच्या लग्नाचा बस्ता ह्याहून लवकर बांधून झाला होता. तोफेत गोळा लवकर भरणारं यंत्र घेतलं, ते म्हणे सगळेच घेतात. दुसरं, गाडीवर टाकायचं पानाफांद्यांचं जाळं. तिसरी, मोठी दुर्बीण. गंमत अशी की जाळं आणि दुर्बीण, दोन्ही गाडी अगदी निश्चल उभी असेल तरच उपयोगी पडतात. गाडी जरा हलली की दोन्हींचा उपयोग शून्य. दुर्बिणीच्या जागी एक भिंग मिळत होतं, जरा कमी दाखवणारं, पण चालत्या गाडीतूनही दाखवणारं. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“मला हलायचंच नाही,” म्हणाले. तेव्हा मला ते साधं बोलणं वाटलं.

आता कानाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. जगदाळ्यांना ऐकू येत नाही. अगदी ठार नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं मोठ्यानं बोललं तर बरंचसं कळतं. ह्यांच्या वडिलांनाही साताऱ्याला असंच झालं होतं. ह्यांचं उघड झालं ते स्टिअरिंगवर. एसटीत कंडक्टर ड्रायव्हरशी घंटीनं बोलतो. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दुसरं काही बोलायची गरजच नसते. एका दुपारी शहापूरच्या गाडीवर कंडक्टरनं एक बेल दिली आणि जगदाळे थांबले नाहीत. त्यानं पुन्हा दिली, तरी गाडी पुढेच. कुणाला खरचटलंही नाही, एका म्हातारीला तेवढं मागे चालत जावं लागलं. पण जगदाळे त्याच संध्याकाळी स्वतःहून साहेबांकडे गेले आणि म्हणाले, मला तपासा. तपासणी झाली, स्टिअरिंग सुटलं आणि ऑफिसात टेबल मिळालं.

टेबलाचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कॅन्टीनमध्ये ह्यांच्याशिवाय हसू फुटायचं नाही अशी एक वेळ होती. मग लोक एक वाक्य दोनदा सांगायला कंटाळले. वाईट कुणीच वागलं नाही. फक्त हळूहळू ह्यांच्या बाजूची खुर्ची रिकामी राहू लागली. ते पाहून माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मला राग येतो. घरी येऊन मी ह्यांनाच ओरडायचे, “ते मशीन घाला ना कानात!” सिद्धेशनं मशीन आणलेलं आहे. त्यात म्हणे कुकरची शिट्टी कानात घुसते आणि माणसाचं बोलणं बाहेरच राहतं. ते मशीन कपाटात असतं.

अशा माणसाला त्या खेळात एका टोळीनं बोलावलं. कल्याणचा विकी त्यांचा म्होरक्या, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डोंबिवलीची करिश्मा हलकी गाडी पळवते, ती लॅबमध्ये कामाला आहे. बाकीचे ठाण्या-कल्याणचेच. विकीनं पाहिलं होतं की लढाईच्या शेवटी सगळे जळालेले असताना हे एक जगदाळेकाका झुडपात शाबूत असतात, आणि शत्रूच्या गाड्या मोडून ठेवलेल्या असतात. अडचण एकच होती. ती टोळी खेळताना हेडफोनवर बोलत खेळते.

जगदाळ्यांनी लिहून कळवलं, माइक खराब आहे, तुम्ही बोला, मी ऐकतो. आणि बिनदिक्कत सिद्धेशचा हेडफोन कानाला लावून बसले.

“अहो, खोटं कशाला? सांगून टाका,” मी म्हटलं.

“सांगितलं की उतरवतील, मास्तर. एकदा उतरलोय गाडीवरनं. आता पुन्हा नाही.”

तेव्हा मला त्या जाळ्याचा आणि दुर्बिणीचा उलगडा झाला. न हलणाऱ्याला कुणी हाक मारत नाही. गाडी अशी, सामान असं, की एका जागी बसावं, आपलं काम चोख करावं आणि कुणाला बोलवायची वेळच येऊ नये. जगदाळे शत्रूपासून लपत नव्हते, आपल्याच माणसांपासून लपत होते. टोळीतली पोरं ‘काका भारी’ असं लिहायची आणि हे दिवसभर शीळ घालत फिरायचे. बेसूर घालतात, पण डेपोतल्या टेबलावर बसल्यापासून ती शीळ मी ऐकली नव्हती.

मग दुसऱ्या टोळ्यांशी सामने सुरू झाले. पहिल्याच रविवारी दुपारी माझी सुट्टी होती. चहा घेऊन गेले तर हेडफोनमधून बारीक आवाज बाहेर येत होता. विकी ओरडत होता, “काका, निघा तिथून! मागून आलेत! काका, बेसवर या, करिश्मा एकटी आहे!” आणि हे जाळं पांघरून, दुर्बिणीतून भलत्याच बाजूला बघत शांत बसलेले. मी खांद्यावर थाप मारली. ह्यांनी मान वळवेपर्यंत करिश्माची गाडी जळत होती आणि सामना गेला होता.

विकीनं लिहिलं, “काका, मी एवढा ओरडत होतो, आवाज येत नव्हता का?”

ह्यांनी टाइप केलं, “हेडफोन पण बिघडला.”

“टेन्शन नको काका. शनिवारी ठाण्यात येतोय, नवीन घेऊन येतो. माइक पण बघतो.”

जगदाळ्यांचा चेहरा पडला. मला म्हणाले, “आता ह्याला काय सांगू?”

“सांगा, घर पण बिघडलंय.” मी चिडूनच बोलले होते, पण हे हसले नाहीत. त्या आठवड्यात शीळ बंद होती. जेवताना एकदा म्हणाले, “बरी पोरं होती.” होती म्हणाले.

शनिवारी विकी आला. शिडशिडीत, घाईतला मुलगा, चप्पल काढता काढताच बोलायला लागलेला. “काकू, पाणी नंतर, आधी काम.” त्यानं नवा हेडफोन ह्यांच्या डोक्यावर चढवला आणि वायर हातात घेऊन टेबलाखाली शिरला. कॉम्प्युटर तिथे खाली ठेवलेला असतो. खालून त्याची बडबड चालू होती आणि जगदाळे त्याच्या तळपायांकडे बघत उभे होते. मग तो डोकं बाहेर काढून म्हणाला, “काका, आता?”

एवढं ह्यांनी ओठांवरून ओळखलं. अंगठा दाखवला. “मस्त! एकदम क्लिअर आवाज येतोय.”

विकी तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. वायरचं टोक अजून त्याच्या हातात होतं.

“काका, मी अजून लावलीच नाही.”

जगदाळ्यांनी ती वायर पाहिली. मी बोलायला तोंड उघडलं, ह्यांच्या वतीनं बोलायची मला खोडच आहे, पण ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “माइक चांगला होता. हेडफोन पण चांगला होता. आता तुम्ही दुसरा माणूस बघा, माझी काही तक्रार नाही.”

विकी उठला, खुर्चीवर बसला. तो ह्यांच्या समोर सरकून बोलायला लागला आणि मी त्याला आवाज वाढवायची खूण केली.

“काका, सांगायचं ना यार! आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम नाही आलात. करिश्मा बोलली, काकांनी स्वतःची गाडी वाचवली, मला मरू दिलं. ती रडलेली माहितीये?”

जगदाळ्यांना हे लागलं. लपल्याचा असाही अर्थ निघू शकतो, हे ह्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. “तसं नाही रे,” एवढंच म्हणाले. मग स्वतःहून फोन काढून करिश्माला भलामोठा मेसेज लिहीत बसले.

विकी तोवर नखं खात विचार करत होता. खेळात एका कोपऱ्यात छोटा नकाशा असतो. त्यावर क्लिक केलं की तिथे एक गोल चमकतो आणि तो सगळ्या टोळीला दिसतो. “बोलायचं कशाला? मी नकाशावर टिचकी मारतो,” तो म्हणाला. मग त्याला सुचतच गेलं. तीन टिचक्या म्हणजे डावीकडे, चार म्हणजे उजवीकडे, पाच म्हणजे मागे फिरा, मध्ये थांबून दोन म्हणजे करिश्माकडे बघा.

मला राहवलं नाही. “अरे, परीक्षा घेतोयस का त्यांची? एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कुठे जायचं ते टिचकी जिथे पडेल तिथे. ह्यावर आख्खा महाराष्ट्र फिरलाय आम्ही.”

विकीनं ह्यांच्याकडे पाहिलं. “काका, जमेल?”

“झोपेतून उठवलंस तरी जमेल,” जगदाळे म्हणाले.

विकी गेल्यावर ते कॉम्प्युटरपुढे बसले. मी भाजी निवडत बघत होते. गाडी तीच ठेवली, बसकी, न वळणाऱ्या मानेची. पण दुर्बीण उतरवली आणि तिथे ते चालत्या गाडीतून दाखवणारं भिंग चढवलं. जाळ्यावर जरा वेळ बाण फिरवत राहिले. मग जाळंही काढलं आणि गाडी लवकर वळावी म्हणून काहीतरी लावलं. मला म्हणाले, “लागलं तर निघायला पाहिजे ना.” मी मान खाली घालून मेथीच निवडत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि मला ते दाखवायचे नव्हते.

पुढच्या रविवारी मी ड्युटी बदलून घेतली. ह्यांची गाडी झुडपाआड उभी. नकाशावर एक टिचकी चमकली, हे थांबूनच राहिले. समोरून शत्रू जात होता, हात शिवशिवत असणार, पण एक म्हणजे थांब. मग बेसजवळ, म्हणजे आपल्या तळाजवळ, लागोपाठ दोन गोल चमकले. जगदाळ्यांचा डावा हात कीबोर्ड सोडून बाजूला गेला, गिअरच्या दांड्याकडे, आणि तिथे काही नाही हे कळून परत आला. गाडी निघाली. करिश्माच्या हलक्या गाडीला दोघांनी घेरलं होतं. हे वळणावर धूड आडवं घालून थांबले, नेम धरला आणि पहिला गोळा बसला. पुढचं मी नीट पाहिलं नाही. सामना जिंकला, हे टोळीनं लिहिलेल्या मेसेजांवरून कळलं. सगळ्यात वर करिश्माचा होता, “थँक्यू काका.”

मला वाटलं, आता हे उड्या मारतील. हे तर हातपाय धुऊन कपाळाला आठ्या घालून जेवायला बसले.

“काय झालं आता?” मी समोर बसून विचारलं.

“विकी,” हे म्हणाले. “पोरगं चांगलं आहे, पण अजून कच्चं आहे. वळणावर आधी एक द्यायला हवी होती. सरळ डबल बेल देऊन मोकळा! गाडीला ब्रेक लागायला वेळ लागतो हे कुणी शिकवलंच नाही त्याला. उद्या सांगतो.”

मग अख्खं जेवण होईपर्यंत ते बोलत राहिले. इतक्या वर्षांनी जगदाळे माझ्या घरात बसून कंडक्टरची तक्रार करत होते, आणि मी ती वाढत वाढत ऐकून घेतली.