पाचगावच्या दारातली निळी बॅरलं

१४ जुलै २०२४, रविवार. रुपये एक्कावन्न हजार फक्त. पाचगावच्या माळावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं हे टोकन. मृत्युंजयनं ते एजंटाच्या फोनवर पाठवलं, पैसे पोचल्याची खात्री केली आणि मग तो खिडकीपाशी गेला. खाली लांबवर कोल्हापूर पसरलं होतं. नदी कुठं दिसत नव्हती. त्याला तेवढंच बघायचं होतं.

"गच्चीवरनं रंकाळा दिसतोय बघा," ऋतुराज, म्हणजे एजंट, म्हणाला.

"न्हाई दिसला तरी चालंल," मृत्युंजय म्हणाला.

टोकन देण्याआधी त्यानं प्रश्न काही कमी विचारले नव्हते. जवळून नाला जातो का? पार्किंगमध्ये पाणी साचतं का? नदीपासून ही जागा किती उंच? शेवटी ऋतुराजनं हात जोडले होते. "पावणं, हितं पुराचं पाणी आलं तर पन्हाळाबी बुडला म्हणून समजा!" तरीही मृत्युंजयनं कंपाउंडच्या भिंतीला खाली वाकून गाळाच्या जुन्या रेघा शोधल्या. एकही नव्हती. जिन्यात प्रत्येक दाराबाहेर दोन-दोन निळी बॅरलं होती, झाकणं घट्ट लावलेली. ती पाहून तर त्याला फारच बरं वाटलं. त्याच्या गावात अशी बॅरलं पुरासाठीच ठेवतात. आत जोंधळा, कागदपत्रं, पोरांची दप्तरं. वेळ पडली तर चार बॅरलं बाजल्याखाली बांधून तराफाही होतो. एवढ्या उंचावर राहूनही इथली माणसं तयारीत असतात, असं त्याच्या मनात आलं.

निघताना त्याच्या बायकोला, सुष्मिताला, तहान लागली. तळमजल्यावरच्या निशिगंधाताईंनी फुलपात्र आणून दिलं. अर्धंच भरलेलं.

"टँकरचं हाय, पण उकळून घेतलंय," त्या म्हणाल्या.

"टँकरचं?"

"मग? नळाला आठवड्यातनं एकदा येतंय, तेबी करंगळीएवढं. उन्हाळ्यात तर तेबी न्हाई. बॅरलं दारात काय शोभंला ठेवल्यात व्हय?"

मोटरसायकल शिरोलीच्या पुढे आली. मग सुष्मिता मागूनच म्हणाली, "तुम्ही नाल्याचं इचारलं, पार्किंगचं इचारलं, भिंतीबी चाटून बघितल्या. प्यायचं पाणी कुठनं येतंय, ह्ये कुणालाच सुचलं न्हाई."

"तुला तरी कुठं सुचलं?"

"मला कसं सुचंल? माझ्या म्हायेरीबी नदीच हाय की."

मृत्युंजयचं गाव शिरोळ तालुक्यातलं, नृसिंहवाडीपासून चालत अर्ध्या तासावर. तिथं पाणी कमी पडतं हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासणी खात्यात होता. लोखंडाचं ओतीव कास्टिंग हातोडीनं ठोकायचं आणि आवाजावरून आतला तडा ओळखायचा, हे त्याचं काम. गेली एकोणीस वर्षं. गावातलं घर चुलत्यांसोबत सामाईक होतं. स्वतःचं म्हणावं असं त्याच्या नावावर काही नव्हतं.

२०१९च्या पुरात त्यांना बोटीतून काढलं होतं. शिवांश तेव्हा पाच महिन्यांचा. बोट उसाच्या शेतावरून जात असताना खालचे शेंडे पंख्याला गुंडाळले आणि इंजिन बंद पडलं. बोट आपोआप फिरायला लागली. कोयत्यानं पाला कापून निघेपर्यंत फार तर दहा मिनिटं गेली असतील. मग इंजिन सुरू झालं आणि सगळे सुखरूप पोचले. घडलं तर काहीच नाही, म्हणूनच त्याचं भय कुणाला सांगता येत नव्हतं. गावात पूर म्हणजे सवयीची गोष्ट. भांडी माळ्यावर, जनावरं पाहुण्यांकडे, माणसं शाळेत. मृत्युंजयला मात्र आषाढ लागला की घास गिळवत नसे. जेवताना तो मध्येच थांबून कान द्यायचा. "ह्याला नदी ऐकू येती," म्हणून भावकी हसायची.

पाचगावच्या बॅरलांची गोष्ट ऐकून तर घरात हसण्याची लाट उसळली.

"पाणी इकत घ्यायचं?" त्याची आई शांतव्वा डोळे पुसत म्हणाली. "आन् आंघुळ किलोवर करायची काय रं?"

"हसू नको, अव्वा. एकतीस तारखेपर्यंत करार केला न्हाई तर टोकन बुडतंय."

"बुडू दे की. हितं आमी दर साली बुडतोय."

बावीस लाखांचं कर्ज, पंधरा वर्षांचे हप्ते आणि वर पाण्यावाचून कोरडं घर. इकडे राहिलं तर पोराला घेऊन पुन्हा त्या पाण्यात. आणि आई हसतेय तोवर तिला इथं सोडून जाणं त्याच्या जिवावर येत होतं. रोज कामावर तो एकदा करार करायचं ठरवायचा, एकदा मोडायचं.

पंचवीस जुलैला दुपारी सोबतचा अल्ताफ त्याच्या टेबलाशी आला. "राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी धोक्याच्या वर गेली. निघ. संध्याकाळी तुझा रस्ता बंद हुतोय."

तो पोचला तेव्हा रस्त्यावर पाणी आलंच होतं. गल्लीतला ट्रॅक्टर ट्रॉली लावून उभा होता, सुष्मिता आणि शिवांश सामानासकट वर चढले होते. शांतव्वा मात्र उंबऱ्यावर बसलेली. पुढ्यात सुपात खण, नारळ, हळदकुंकू.

"अव्वा, चल!"

"नदी दारात आल्याबिगर कशी येऊ? पावणी घराकडं यायला लागल्यावर घरातली बाई उठून जाती व्हय? ओटी भरते आन् येते."

पाणी दुसऱ्या पायरीवर होतं. उंबरा अजून दोन पायऱ्या वर. तिनं सून म्हणून या घरात आल्यापासून प्रत्येक पुरात असंच केलं होतं, आणि तिच्या सासूनं त्याआधी. मृत्युंजय गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पाणी चढताना दिसत नव्हतं. नजर हलवून पुन्हा पाहिलं की पायरी थोडी कमी झालेली असायची. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. "आजी, नदीला म्हणावं जरा पाय उचल! डिझेल जाळतोय मी!" शांतव्वा शांतपणे वाती वळत बसली होती. तिसरी पायरी गेली. शेवटी पाण्याची जीभ उंबऱ्याला लागली, तेव्हा तिनं ओटी भरली, नारळ सोडला, पदर सावरला आणि मृत्युंजयचा हात धरून ट्रॉलीत चढली.

रस्ता दिसत नव्हता. विजेच्या खांबांवरून अंदाज घेत ड्रायव्हर चालवत होता. दोन्ही बाजूंना उसाचे शेंडे पाण्यावर तरंगल्यासारखे हलत होते. ओढ्यापाशी उतार आला, पाणी ट्रॉलीच्या फळीला लागलं आणि इंजिनचा आवाज बदलला. मृत्युंजयचा कान आवाजात तयार झालेला. त्यानं तो बदल सगळ्यांच्या आधी ऐकला. इंजिन खोकलं, अडखळलं. पुन्हा खोकलं. मग काय झालं ते त्याला कळलं नाही. ट्रॅक्टर चढाला लागून कोरड्या डांबरावर आला, बाया हुश्श करून बोलायला लागल्या, तरी तो तसाच बसून होता.

"पप्पा, हात," शिवांश हळूच म्हणाला.

पोराचा दंड त्यानं आवळून धरला होता. सोडवायला शांतव्वाला त्याचं एकेक बोट उचलावं लागलं. कोवळ्या दंडावर पाच वळ उमटले होते, काळेनिळे. पोर रडलं नव्हतं. बापाच्या तोंडाकडे बघत बसलं होतं.

शाळेतल्या छावणीत पोहोचल्यावर शांतव्वानं त्या दंडाला हळद-तेल लावलं. लावताना ती एकदाही हसली नाही.

"ह्या पाण्याला म्या जन्मात भ्याले न्हाई," ती म्हणाली. "आज तुझ्या हाताला भ्याले. घे ते घर."

"पाण्याचं काय?"

"इकत घे."

"आन् तू?"

"मी न्हाई येत. उंबऱ्याला पाणी लागल्यावर ओटी कोण भरंल?"

एकतीस तारखेला करार झाला. दिवाळीला ते पाचगावला राहायला आले. सुष्मितानं दारात दोन निळी बॅरलं ठेवली. मे महिन्यात चार दिवस टँकर आला नाही, तेव्हा मृत्युंजय सकाळी उठल्याबरोबर बोटाच्या पेरानं बॅरल ठोकून पाहायला लागला. वरून पोकळ आवाज, खाली भरीव. भरीव आवाज रोज थोडा खाली सरकत होता. शिवांशनं ग्लासात पाणी उरवलं की बापाचा आवाज चढायचा आणि पोर दंड झाकून घ्यायचं. पोराची ती सवय अजून गेलेली नाही.

यंदाच्या जुलैतही तो कामावर निघण्याआधी बॅरल ठोकतो. मग गावाकडे फोन लावतो. रिंग जास्त वेळ वाजली की त्याचा हात फोनवर घट्ट होतो.

"अव्वा, कितव्या पायरीला?"

"पयल्या. तुझ्या बॅरलात किती?"

"अर्धं."

"सांभाळून वापर," ती म्हणते आणि फोन ठेवते.

मे महिन्यात निशिगंधाताईंनी मागवलेल्या टँकरमधला त्याचा वाटा, रुपये तीनशे पन्नास, अजून द्यायचा आहे.