सीनेसाठी सनई

सोलापूरच्या एप्रिलमध्ये घरी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी पंखा बंद करणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे शिवलिंग आण्णा. पंख्याची घरघर गाण्यात मिसळते, हे त्यांचं कारण. लग्न होऊन मी सीनेकाठच्या या गावात आले तेव्हा ओळख करून द्यायला सासूबाई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या, आणि नव्याकोऱ्या साडीत घामानं निथळत मी तबकडीवरची सनई ऐकली. निघताना आण्णांनी विचारलं, कसं वाटलं? मी छान म्हणाले. "छान न्हाय. तुजं ध्यान उकाड्याकडं हुतं पोरी. कानाला घाई नसावी." मला राग आला होता, कारण त्यांचं खरं होतं.

आण्णा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले ते व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, पेट्या भरून तबकड्या आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर घेऊन. स्पीकरची सागवानी खोकी त्यांनी स्वतः बनवलेली. आधी हे सगळं घरात लागलं आणि मग संसाराची भांडीकुंडी आली, असं त्यांची बायको, आमच्या कलावतीकाकू, सांगायच्या. "माजी सवतच हाय की ती. पर भांडत न्हाय, सुरात बोलती," असं म्हणत रोज तिच्यावरची धूळ मात्र काकूच पुसायच्या. खोकी शहाबादी फरशीवरच ठेवलेली असत. टेबलावर ठेवा म्हटलं की आण्णांचं ठरलेलं उत्तर येई: "आवाज भुईला टेकला पायजे. अधांतरी आवाजाला वजन नसतं."

आमची सीना म्हणजे वर्षातला बहुतेक काळ वाळू आणि वेड्या बाभळी. तिला पाणी आलं की गावात सण होतो. बायका खणानारळानं तिची ओटी भरतात. त्या दिवशी आण्णा दोन्ही स्पीकर ओढत उंबऱ्यात आणायचे, त्यांची तोंडं नदीकडे करायचे आणि मोठ्यानं सनई लावायचे. लेक वर्षातून एकदा माहेरी येते, तिला वाजतगाजत घ्यायची, असं ते म्हणत. दुष्काळात वाढलेल्या माणसांना पाण्याचं भय शिकवणार तरी कोण?

मागच्या पावसाळ्यात मात्र लेक येतच राहिली. पहिल्या खेपेला सनई वाजली, ओटी भरली गेली. पुढच्या खेपेला तिनं मळ्यातला कांदा आणि स्मशानाचा कट्टा गिळला. मग वरच्या धरणांतून पाणी सोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि सकाळी दारातून पाहिलं तर पलीकडचा काठच दिसत नव्हता. मोटारींच्या पायपांचे गुंते वाहत होते. एक फुगलेलं वासरू गेलं. लोक ज्वारीची पोती उंचावरच्या शाळेत नेऊ लागले.

आण्णा हलले नाहीत. मारुतीच्या पायरीला पाणी लागलं की नदी माघारी फिरते, हे त्यांच्या आजोबांनी पाहिलेलं. खरं सांगायचं तर सगळं गाव हेच मानायचं. दुपारी पाणी पायरीला लागलं आणि खरोखरच तिथं थांबलं. निघालेली कितीतरी माणसं पोती पुन्हा खाली ठेवून बसली. मलाही बरं वाटलं.

आण्णा दारात मान कलती करून उभे होते. "आयकलंस का? आज खर्ज लावलाय तिनं." मी कान दिला. पायाखालून एक जाड, न थांबणारा आवाज येत होता आणि फडताळातली भांडी बारीक किणकिणत होती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. निदान मशीन तरी शाळेत नेऊ, माणसं बोलावते, असं मी म्हणाले. ते हसले. "पावणी दारात आल्यावर बिऱ्हाड हलवायचं व्हय?" आणि ते स्पीकर उंबऱ्यात ओढू लागले.

सनई सुरू झाली. आम्ही पाचसहा जणी ताटं घेऊन गल्लीत उभ्या राहिलो. सगळ्यांची तोंडं नदीकडे. ती पायरीवर मुकाट थांबलेली.

पाणी परसातून आलं. घरांच्या पाठीमागचा ओढा नदीला मिळतो. नदीनं वाट अडवल्यावर तो उलटा फिरला होता. काकू परसात शेळी सोडायला गेल्या होत्या, हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

वीज गेली. सनई मध्येच तुटली आणि त्या शांततेत घरामागून काकूंची हाक आली. घसा पार फाटला होता. ती पहिली हाक नव्हती, हे ऐकताक्षणी कळत होतं.

आण्णा स्पीकरांमधल्या फटीतून आत धावले, मागोमाग माझे यजमान. घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं. काकू छातीएवढ्या पाण्यात शेवग्याला मिठी मारून होत्या. शेवग्याचं लाकूड किती कच्चं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दोघांनी त्यांना धरून घरातून पुढच्या दाराशी आणलं. तर उंबऱ्यात ते दोन स्पीकर. माणूस घेऊन बाहेर पडायला जागाच नाही. आण्णांनी एकाला खांदा लावला, दुसऱ्याला लाथ, आणि दोन्ही गल्लीतल्या पाण्यात लोटले. आम्ही शाळेच्या चढावर पोचेपर्यंत त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही.

पाणी ओसरल्यावर घरात हातभर गाळ होता. अँप्लिफायरमधून चिखल ओघळत होता, तबकड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. एक स्पीकर खाली उसात सापडला, फुगून उकललेला. गावातले लोक मयताला यावं तसे येऊन उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, वाळवून बघू, काहीतरी वाचेल. "साकु," आण्णा म्हणाले. पुरे, या अर्थाचा कानडी शब्द. इतक्या वर्षांत संगीताच्या बाबतीत तो मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. गाळाबरोबर सगळं ट्रॉलीत गेलं.

आम्ही अजून शाळेतच राहत होतो. काकूंचा आवाज पार बसला होता. एका दुपारी मी त्यांना हळदीचं गरम पाणी देत होते, आण्णा शेजारी उकिडवे बसले होते. जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "किती येळ हाका मारत हुतीस?"

काकूंनी घोट गिळला. आवाज जेमतेम उमटला, तोही चिरलेला. "एकदाच मारली. लगीच आलाव की तुमी."

आण्णांनी काकूंच्या हातातला पेला घेतला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या ओठांना लावला.