संबोधीचे अकरा पक्षी

संबोधी मेश्राम एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही. वडील फौजेत हवालदार होते. ते गेल्यावर महूचं घर सोडून ती आईला, कांताबाईंना, घेऊन इंदूरला अन्नपूर्णा भागात दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. नव्या जागी आईला करमेना, म्हणून तिने बजरीची जोडी आणली. चिमणीएवढे, हिरवे-पिवळे पक्षी. दुकानदाराने नर-मादी म्हणून दिलेले दोघेही नर निघाले. मोठ्या नराच्या चोचीवरची कातडी निळी असते आणि मादीची तपकिरी, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग ती शिकत गेली. पाच वर्षांत गॅलरीत अकरा पक्षी झाले: सहा बजरी, चार इवलेसे फिंच आणि डोक्यावर तुरा असलेला एक कॉकाटेल. कॉकाटेल शीळ फार छान घालायचा. कांताबाईंनी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. "तुझे बाबा हवालदारच राहिले, हा तरी वर चढू दे," त्या म्हणाल्या. संबोधी लॅबमध्ये असली की राळे आणि कोथिंबीर त्याच घालत. दुपारी सुभेदाराशी महूच्या गोष्टी बोलत.

सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका सकाळी कांताबाईंनी तवा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात खाली कचरागाडी आली. त्या दोन्ही डबे घेऊन उतरल्या. शेजारीण भेटली, बोलण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. वर आल्या तर रिकामा तवा तापून धूर झालेला. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. त्यांना स्वतःला थोडा खोकला आला, इतकंच. गॅलरी स्वयंपाकघराला लागून होती. अकराही पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडले होते.

संबोधी दुपारी आली. तिने एकेक पक्षी उचलून पाहिला. मग खाली जाऊन पक्ष्यांच्या डॉक्टरला फोन केला.

"घरात नॉनस्टिक भांडं आहे?" त्याने पहिलंच विचारलं.

तवा नॉनस्टिक होता. आईचं ब्लड प्रेशर वाढलं, तेल कमी जावं, म्हणून दिवाळीत संबोधीनेच आणलेला. तो लेप फार तापला की निघणारा वायू माणसाला सोसतो, पक्ष्याला सोसत नाही, असं डॉक्टरने सांगितलं.

ती वर आली. कांताबाई गॅलरीच्या दारात बसल्या होत्या.

"काय झालं गं यांना?"

"ऊन फार आहे, लू लागली," संबोधी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तवा तिने कचरागाडीत टाकला. आईने विचारलं तेव्हा हँडल ढिलं झालं होतं, असं सांगितलं.

वर्षभर पिंजरे रिकामे राहिले. नंतर फिंचची एक जोडी आली, मग आणखी काही. पक्षी घेण्याआधी लोक तिला विचारायला येऊ लागले. यंदा क्षितिजा आली. ती सोलापूरची, नोकरीसाठी नुकतीच इंदूरला आलेली.

"ताई, मला बोलणारा पोपट हवाय."

"देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. घराबाहेर किती तास असतेस?"

"दहा."

"मग कॉकाटेलही नको. त्याला माणूस लागतं, एकटा राहिला तर स्वतःची पिसं उपटतो. फिंचची जोडी घे. हातावर येणार नाहीत, पण एकमेकांत खूश असतात. आणि नॉनस्टिक भांडी असतील तर आधी काढ. एकदा रिकामं तापलं तर पाच मिनिटांत सगळं संपतं."

चहा घेऊन आलेल्या कांताबाई दारातच थांबल्या. मग त्यांनी कप टेबलावर ठेवले आणि आत गेल्या.

क्षितिजा गेल्यावर त्यांनी विचारलं, "संबू, ते अकरा माझ्यामुळे गेले ना?"

"तवा मी आणला होता."

"गॅस पेटता मी सोडला. सहा साल झाले, बोलली नाहीस."

"बोलून काय झालं असतं, आई? तुला त्रास झाला असता."

"झाला असता तर झाला असता." कांताबाईंचा आवाज चढला. "मागच्या गल्लीतल्या मनोरमाजींच्या पक्ष्यांची जोडी गेली तेव्हा त्यांना मीच सांगितलं, लू लागली म्हणून. त्यांच्याकडेही तसाच तवा आहे. त्यांनी परत पक्षी आणलेत. मला माहीत असतं तर मी हे नसतं का सांगितलं?"

आईला जपलं, एवढंच संबोधीने आजवर धरलं होतं. मनोरमाजींचा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता.

कांताबाईंनी चपला घातल्या. गुडघे दुखत असताना जिने उतरून त्या मागच्या गल्लीत गेल्या आणि तासाभराने परत आल्या.

आता कुणी पक्ष्यांबद्दल विचारायला आलं की कांताबाई खुर्ची ओढून आधी बसतात. "पहिले मी काय केलं ते ऐका, मग हिला विचारा," म्हणतात आणि त्या सकाळची सगळी हकीकत सांगतात, काही न गाळता. सुरुवातीला संबोधी उठून आत जायची. हल्ली ती तिथेच बसून ऐकते, आणि आई तारीख चुकली की दुरुस्त करते.