कानबाई रस्त्यात थांबली

देवाचं नाव घेणारे भित्रे असतात, अशी पत्रकं मी सुरतमधल्या लिंबायतच्या गल्ल्यांतून वाटलेली. त्यामुळे डॉक्टरांनी आजार सांगितला तेव्हा हात जोडायचीही लाज वाटली. प्रतिकारशक्ती माझ्यावरच उलटली होती. पोटात मागच्या बाजूला घट्ट जाळं वाढून मूत्रपिंडाच्या नळ्या आवळत होतं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी कंबरेची कळ थांबली, पण चेहरा फुगला. प्लेग जाऊन वर्ष होत आलं, तरी मी तोंडाला रुमाल बांधूनच फिरायचो.

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते. तिचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांनीच खायच्या, म्हणून सगळे जमतात. आठवडाभर आधी गावाहून काका आले आणि हसले, "सुरतनं पानी मानवनं रे तुले!" गोळ्या अचानक बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी त्या दिवसापासून आईने हातावर ठेवलेली गोळी मी मोरीत टाकू लागलो. भाऊबंद येईपर्यंत चेहरा उतरायला हवा होता.

विसर्जनाला तापीकडे निघालो. आई कानबाई डोक्यावर घेऊन पुढे, बाया गात होत्या. मी मागे पडलो, उलटी झाली, रस्त्यातच कोसळलो. आमच्या कुणाला कळलंच नाही. मागून दुसऱ्या घरची मिरवणूक आली. डोक्यावर कानबाई घेतलेल्या अनोळखी बाईने देवीचा पाट सरळ रस्त्यावर ठेवला.

"रस्तामा कानबाई ठेवतस का वं?" एक म्हातारी कडाडली.

"माय शे ती. पोऱ्यासाठे थांबी." बाईने माझं डोकं मांडीवर घेतलं. "काय व्हयनं रे भाऊ?"

देवीचा नारळाचा मुखवटा माझ्या डोळ्यांसमोर, त्याच धुळीत टेकला होता. आईला जे सांगता आलं नाही ते तिथे तोंडून निघालं, "गोळ्या फेकल्या मी. तोंडाची लाज वाटायची."

तिने ते ओरडून पुढे आमच्या मिरवणुकीला कळवलं. काका धावत आले, रिक्षात घातलं, दवाखान्यात शिरताच गोळ्यांचं सांगितलं. लगेच इंजेक्शन मिळालं. "हे कळलं नसतं तर साधी चक्कर समजून वेळ गेला असता," डॉक्टर म्हणाले.

त्या बाईचं नावही मला माहीत नाही. बाई थांबली की देवी, यावर मी पत्रक काढणार नाही. मी आयुष्यभर ताठ मान मिरवली. मला उचलायला जी आली, ती मात्र माझ्यासाठी जमिनीवर उतरली. आता रोज सकाळी आईपुढे तळवा पसरतो आणि तिच्यादेखत गोळी गिळतो.

यंदा कानबाईपुढे रुमाल न बांधता बसलो. काकांनी माझ्या गोल चेहऱ्याकडे पाहिलं. रोटाचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.