रुखमाबाईची तरोट्याची कॉफी

गोंडपिपरीत आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर रुखमाबाईचं टिनाचं कॅन्टीन आहे. गाव तिचं जंगलाला लागून. सकाळच्या बसने येते, स्वतः गूळ घातलेला एक कोरा चहा पिते आणि मग दिवसभर दुसऱ्यांना पाजते. एकोणीस वर्षं झाली. कोण किती कप पितो, हे तिला तोंडपाठ.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी कॅफिनवर प्रोजेक्ट घेतला आणि चाळीस फॉर्म घेऊन तिच्याच बाकावर बसले. उत्तरं मजेदार आली. चहा नाही मिळाला की डोकं दुखतं, म्हणजे चहा औषधच आहे, असं दिनेशने लिहिलं. मोनाली कॉफीने रंग काळवंडतो म्हणून कॉफीला हात लावायची नाही, चहा मात्र सहा कप. 'तुम्हाला त्रास होतो का?' याला सदतीस जणांचं उत्तर 'नाही'. 'मित्रांना होतो का?' याला एकतीस जणांचं 'हो'.

माझ्याच वर्गातला लोकेश वनरक्षक भरतीची तयारी करत होता. त्याने लिहिलं, 'रुखमाबाईची कॉफी, रोज सहा. त्याशिवाय अभ्यास होत नाही.'

फॉर्मवर शेवटी विचारलं होतं, कॉफी कोणत्या पावडरची? ते लिहून घ्यायला मी रुखमाबाईकडे गेले. तिने मला चुलीमागे बोलावलं.

"नाजिया, तुह्या कागदावर खोटं जाऊ देऊ नोको," ती म्हणाली. "लोकेशच्या कपात कॉफी नाई."

तिने एक डबा उघडला. काळपट भुकटी, वास अगदी कॉफीसारखा.

"तरोट्याचं बी आहे. भाजून कुटलं."

तरोटा आमच्याकडे पावसाळ्यात भाजीला खुडतात. त्याचं बी असंही पितात, हे मला नवीन होतं.

दोन महिन्यांपूर्वी प्रॅक्टिकलमध्ये लोकेशचे हात इतके थरथरले की काचेची नळी फुटली. घाम पुसत तो कॅन्टीनमध्ये येऊन बसला आणि वर अजून एक कॉफी मागितली. त्या दिवशीची ती सातवी.

"त्याले सहा कप मीच देल्ते," रुखमाबाई म्हणाली. "नाई म्हटलं असतं तर बसस्टँडवर जाऊन पेला असता. मंग म्या रोज थोडी कॉफी कमी केली, थोडा तरोटा वाढवला. आता निरा तरोटाच. चार-आठ दिवस त्याचं डोकं दुखलं. आता झोप चांगली लागते म्हणते."

मी कपाळाला हात लावला. माझ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोठा कॉफीबाज कॉफी पीतच नव्हता.

"त्याले मीच सांगतो," ती म्हणाली. "पोरं भरोशानं पेतात. लपवलं हे माहं चुकलंच."

दुपारी लोकेश आला. तिने कप भरायच्या आधीच डबा त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने डबा नाकाशी नेऊन हुंगला.

"मले येडं बनवून राह्यली होती का बाई?" एवढंच बोलून तो निघून गेला.

तीन दिवस तो फिरकला नाही. रुखमाबाई सगळ्यांशी नेहमीसारखी बोलत होती, पण दोनदा तिचं दूध उतू गेलं. चौथ्या दिवशी तो आला आणि बाकाच्या टोकाला बसला.

"बसस्टँडवरची पेलो. छाती धडधडते," तो म्हणाला. "तुहीच दे. पण आता सांगून देत जा."

तेव्हापासून चुलीवर दोन भांडी आली. एकावर मीच खडूने 'तरोटा' लिहिलं. दिनेशने एक कप पिऊन, आपली झोप पार उडाली, असं जाहीर केलं. त्यात कॅफिन नसतं हे मी त्याला समजावून सांगितलं, त्याने मानलं नाही.

सरांनी प्रोजेक्ट वाचला आणि रुखमाबाईला वर्गात बोलावलं. एकोणीस वर्षांत ती फाटकाच्या आत पहिल्यांदाच आली, धुतलेलं लुगडं नेसून. लोकेशने तिची शेगडी उचलून आणली. सातवीत शाळा सुटलेल्या बाईने बी.एस्सी.च्या पोरांना बी कसं ओळखायचं, किती भाजायचं ते दाखवलं. सरांनी दुसरा कप मागितला.

"एकच घ्या सर," ती म्हणाली. "सवय नसली तर पोट ढिलं होते यानं."

वर्ग हसत सुटला. सरांनी कप मुकाट्याने खाली ठेवला आणि ते वाक्य माझ्या प्रोजेक्टमध्ये घालायला लावलं.